विद्यार्थ्याचा क्षमताविश्वास : त्याची घडण आणि कॉलेजची जबाबदारी

१. प्रश्नाची मांडणी

‘पोरांत कॉन्फिडन्सच नाही’ हे वाक्य महाराष्ट्रातल्या कुठल्याही कॉलेजच्या स्टाफरूममध्ये ऐकू येते. बोलणाऱ्याचा हेतू बहुधा चांगलाच असतो. पण त्यात एक निदान गृहीत धरलेले असते. आत्मविश्वास हा विद्यार्थ्याच्या अंगचा गुण आहे, काहींनी तो घरून आणला आणि काहींनी आणला नाही, असे ते निदान. मग उपायही ठरलेला असतो : वर्षातून एकदा व्यक्तिमत्त्व विकासाचे शिबिर, एखाद्या वक्त्याचे जोशपूर्ण भाषण, टाळ्या, आभारप्रदर्शन. दुसऱ्या दिवसापासून सगळे पूर्ववत.

गेल्या पन्नास वर्षांत मानसशास्त्राने जमवलेला पुरावा या निदानाशी जुळत नाही. स्वतःच्या क्षमतेविषयीचा विश्वास हा विद्यार्थ्याने काढलेला निष्कर्ष असतो. मिळालेले गुण, सोबतच्यांची प्रगती, शिक्षकांचे शब्द, परीक्षेच्या आदल्या रात्रीची धडधड, या सगळ्यांतून तो स्वतःविषयी एक अंदाज बांधतो आणि पुढच्या कामाला हात घालायचा की नाही हे त्या अंदाजावर ठरवतो. हा पुरावा त्याच्यापुढे ठेवणारी सर्वांत मोठी यंत्रणा कॉलेज आणि विद्यापीठ हीच आहे. म्हणून विद्यार्थ्याचा विश्वास डळमळीत दिसला की पहिली तपासणी त्याच्या स्वभावाची न करता त्याला मिळणाऱ्या पुराव्याची करायला हवी, हे या लेखाचे प्रतिपादन आहे.

२. संकल्पनेची सीमारेषा

अल्बर्ट बांदुरा (१९२५–२०२१) या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात या विषयाचा पाया घातला. एखादे विशिष्ट काम पार पाडण्यासाठी जे करावे लागते ते आपल्याला जमेल की नाही, याविषयीची व्यक्तीची खात्री त्याने अभ्यासाच्या केंद्रस्थानी आणली. इथे तिला आपण क्षमताविश्वास म्हणू. तिच्या आसपासच्या दोन गोष्टींपासून ती वेगळी ठेवणे गरजेचे आहे.

पहिली गोष्ट आत्मसन्मान. माणूस म्हणून माझी किंमत काय, याचे उत्तर आत्मसन्मान देतो. हे इंटिग्रेशनचे गणित मला सुटेल का, याचे उत्तर क्षमताविश्वास देतो. घरात लाडाकोडात वाढलेल्या, स्वतःवर खूश असलेल्या मुलाला प्रयोगशाळेत हात लावायची भीती वाटू शकते. उलट स्वतःला कमी लेखणारी मुलगी कोडिंगच्या बाबतीत निर्धास्त असू शकते.

दुसरी गोष्ट फळाविषयीची अपेक्षा. ‘मी हा पेपर चांगला सोडवू शकते’ हा क्षमताविश्वास झाला. ‘पेपर चांगला गेला तरी नोकरी मिळेलच असे नाही’ ही फळाविषयीची शंका. पदवी घेऊन घरी बसलेला मोठा भाऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्याची निराशा पुष्कळदा या दुसऱ्या प्रकारची असते. तिच्यावर आत्मविश्वासाचे व्याख्यान हा उपायच होऊ शकत नाही, कारण तिचे मूळ रोजगाराच्या परिस्थितीत आहे.

क्षमताविश्वासाला तीन परिमाणे असतात. पातळी म्हणजे कितपत अवघड कामापर्यंत खात्री वाटते. बळ म्हणजे एखाद-दुसऱ्या अपयशाने ती खात्री कितपत हलते. आणि व्याप्ती म्हणजे एका विषयातली खात्री दुसऱ्या विषयात कितपत उतरते. मोजमापही त्यामुळे कामागणिक करावे लागते. विद्यार्थ्यापुढे अवघडपणाच्या चढत्या क्रमाने कामे ठेवायची आणि प्रत्येकासमोर ० ते १०० पैकी खात्रीचा आकडा मागायचा, ही बांदुराने सुचवलेली पद्धत. ‘तुझ्यात आत्मविश्वास आहे का?’ या सरसकट प्रश्नातून हाती काही लागत नाही.

३. विश्वास आधी की कामगिरी आधी?

क्षमताविश्वास आणि शैक्षणिक यश यांचा संबंध आहे यात शंका उरलेली नाही. १९९१ मध्ये मल्टन, ब्राउन आणि लेंट यांनी तोवरचे अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा हा सहसंबंध सुमारे ०.३८ निघाला. २०१२ मध्ये रिचर्डसन, अब्राहम आणि बाँड यांनी विद्यापीठीय विद्यार्थ्यांच्या गुणांशी संबंधित ५० घटक तपासले. त्यांत ‘मला अमुक इतके गुण मिळतील’ ही खात्री ०.५९ इतक्या सहसंबंधाने सर्वांच्या पुढे होती.

पण सहसंबंधावरून लगेच कारण ठरवता येत नाही. अमुक गुण मिळतील असे सांगणारा विद्यार्थी मागच्या सेमिस्टरचे गुण डोळ्यांसमोर ठेवूनच तसे सांगत असतो. त्यामुळे काळाच्या क्रमाने केलेले अभ्यास अधिक मोलाचे ठरतात. टाल्स्मा आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये अशा अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले. आधीच्या कामगिरीचा नंतरच्या विश्वासावर होणारा परिणाम (०.२१) हा विश्वासाच्या कामगिरीवरील परिणामाच्या (०.०७) जवळजवळ तिप्पट निघाला. प्रौढ विद्यार्थ्यांत परिणाम दोन्ही दिशांनी दिसला, मात्र लहान मुलांत तो कामगिरीकडून विश्वासाकडेच वाहताना आढळला.

याचा व्यावहारिक अर्थ महत्त्वाचा आहे. विश्वास उपयोगी पडतो, पण तो मुख्यतः करून दाखवलेल्या कामातून येतो. काम न सुधारता नुसता आत्मसन्मान फुगवायला गेले तर काय होते, हे फोरसिथ, बाउमायस्टर आणि सहकाऱ्यांच्या २००७ मधील प्रयोगात दिसले. मानसशास्त्राच्या अभ्यासक्रमात कमी गुण मिळवलेल्या विद्यार्थ्यांना दर आठवड्याला ईमेलने सराव प्रश्न पाठवले गेले. काहींना त्यासोबत ‘स्वतःविषयी चांगले वाटू द्या’ अशा आशयाचा मजकूरही गेला. सर्वांत मागे असलेल्या विद्यार्थ्यांपैकी ज्यांना हा धीर मिळाला त्यांचे अंतिम परीक्षेतले गुण इतरांपेक्षा कमी भरले. शिबिरे भरवून समाधान मानणाऱ्या संस्थांनी हा निष्कर्ष लक्षात ठेवावा.

४. विश्वासाचे चार स्रोत

४.१ स्वतः करून मिळवलेले यश

बांदुराने सांगितलेल्या चार स्रोतांपैकी हा सर्वांत बलवान आहे. आशर आणि पाहारेस यांनी २००८ मध्ये घेतलेल्या आढाव्यातही या स्रोताचा प्रभाव सर्वांत सातत्याने आढळला. पण कसले यश? १९८१ मध्ये बांदुरा आणि डेल शुंक यांनी केलेला प्रयोग इथे जवळून पाहण्यासारखा आहे.

वजाबाकीत अतिशय कच्ची असलेली सात ते दहा वर्षांची मुले त्यांनी निवडली. स्वतः वाचून सोडवायची ४२ पानांची सामग्री आणि सात बैठका, एवढा सरंजाम. एका गटाला सांगितले, प्रत्येक बैठकीत किमान सहा पाने करा. दुसऱ्याला सांगितले, सातव्या बैठकीअखेर ४२ पाने पुरी करा. तिसऱ्या गटाला काहीच उद्दिष्ट दिले नाही. सामग्री तीच, वेळ तेवढाच. तरी पहिला गट वजाबाकीत, स्वतःवरील विश्वासात आणि गणिताच्या आवडीत इतरांच्या स्पष्टपणे पुढे गेला. दूरचे उद्दिष्ट दिलेला गट उद्दिष्ट न दिलेल्या गटाहून फारसा सरस ठरला नाही. सहा पाने पुरी झाली की मुलाला आपण पुढे सरकल्याचा पुरावा त्याच दिवशी मिळत होता. बेचाळीस पानांचे ओझे घेतलेल्याला मात्र आपण किती मागे आहोत एवढेच दिसत होते.

आता आपल्याकडची सेमिस्टर पाहा. शिकवणे, सबमिशन, जर्नल पुरे करण्याची धांदल, आणि शेवटी विद्यापीठाचा तीन तासांचा पेपर. तो काढणारा आणि तपासणारा बहुधा शिकवणाऱ्याहून वेगळाच. विद्यार्थ्यापुढे उद्दिष्ट एकच : सेमिस्टर क्लिअर करणे. मधल्या महिन्यांत आपल्याला किती येऊ लागले हे सांगणारा विश्वासार्ह पुरावा जवळपास नाहीच. चाचणी झालीच तर तिचे गुण टर्मवर्कच्या बेरजेत मिसळून जातात. अंतिम निकाल हाती येतो तेव्हा पुढची सेमिस्टर अर्धी सरलेली असते. २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचा निर्णय घाईने अमलात आणला आणि निकाल महिनोन्‌महिने रखडले. त्यावर चर्चा झाली ती पुढच्या प्रवेशांच्या नुकसानीची. आपण कुठे उभे आहोत हे विद्यार्थ्याला इतके दिवस कळतच नाही, या नुकसानीविषयी कोणी फारसे बोलले नाही.

निकाल लागला तरी तो काय सांगतो? ‘एम-टू’ या गणिताच्या पेपरात २८ गुण, नापास, म्हणजे केटी लागली. कोणता घटक कच्चा, रीत चुकली की आकडेमोड, वेळ कमी पडला की प्रश्नच कळला नाही, यांतले काहीही त्या आकड्यातून कळत नाही. तपासलेली उत्तरपत्रिका पाहायची तर बहुतेक विद्यापीठांत अर्ज करून, शुल्क भरून छायाप्रत मागवावी लागते. चुकीचे नेमके ठिकाण माहीत असलेला विद्यार्थी ‘मला लाप्लास ट्रान्सफॉर्म जमत नाही’ म्हणतो. ज्याला फक्त आकडा मिळाला तो ‘मला गणित जमत नाही’ म्हणतो. पहिल्या वाक्यातून अभ्यासाची दिशा मिळते, दुसऱ्याने दार बंद होते.

सोप्या यशाने मात्र हे साधत नाही. पाठ करून उतरवता येईल असा पेपर, सर्वांना सारखेच वाटलेले टर्मवर्कचे गुण, वर्षानुवर्षे फिरणारे तेच प्रोजेक्ट यांतून मिळालेले गुण विद्यार्थी स्वतःच मनावर घेत नाही. ते आपल्या बळावर आलेले नाहीत हे त्याला पक्के ठाऊक असते. अडचण येऊन, ती ओलांडून मिळालेल्या यशानेच विश्वासाला बळ येते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्थेत (स्थापना १९१९) रुजवलेल्या ‘कमवा आणि शिका’ या पद्धतीचे मोल त्यामुळे केवळ फीपुरते नव्हते. शेतात, वसतिगृहात राबून स्वतःचे शिक्षण स्वतः उभे करणाऱ्या मुलाच्या हाती आपल्या क्षमतेचा असा पुरावा येत होता, जो कोणी दयेने दिला असे त्याला म्हणता येणार नव्हते.

४.२ आपल्यासारख्यांचे यश

दुसरा स्रोत म्हणजे इतरांना करताना पाहणे. इथे कळीची अट साम्याची आहे. ज्याचे यश पाहायचे तो आपल्यासारखा वाटला पाहिजे. शुंकच्या प्रयोगांत आणखी एक बारकावा पुढे आला. सुरुवातीपासून बिनचूक करणाऱ्यापेक्षा, आधी अडखळून, चुका करून, मग रीत सापडलेला सोबती कच्च्या विद्यार्थ्याला बहुधा अधिक उपयोगी पडतो. तो काम करून दाखवतोच, शिवाय अडखळणे हा वाटेतला टप्पा आहे हेही दाखवतो.

आपल्या कॉलेजांत स्टेजवर येतो तो टॉपर. त्याचा सत्कार व्हावा, पण केटी लागलेल्या विद्यार्थ्याला त्यातून मिळणारा संदेश बहुधा ‘ही माणसे वेगळीच’ असा असतो. दोन केटी काढून तिसऱ्या वर्षी सावरलेली, आज चांगल्या कामावर असलेली माजी विद्यार्थिनी त्याच्यासाठी अधिक मोलाचा पुरावा आहे. तिला कोणी बोलावत नाही.

विद्यार्थिनींच्या बाबतीत या स्रोताचे वजन अधिक असल्याचे दिसते. झेल्डिन आणि पाहारेस यांनी २००० मध्ये गणित, विज्ञान आणि तंत्रज्ञानात काम करणाऱ्या स्त्रियांच्या जीवनकथा अभ्यासल्या. त्यांच्या विश्वासाच्या मुळाशी त्यांनी पाहिलेले आदर्श आणि कोणीतरी दिलेला शब्द वारंवार सापडला. पुरुषांच्या नंतरच्या अभ्यासात स्वतःच्या यशाचा वाटा ठळक होता. ज्या क्षेत्रात आपल्यासारखे कमी दिसतात, तिथे एकही दिसणे फार मोठे असते.

४.३ विश्वासू व्यक्तीचे शब्द

शब्दांनी विश्वास उभा करणे अवघड आणि मोडणे सोपे. ‘हे तुझ्याच्याने व्हायचे नाही’ एवढे एक वाक्य विद्यार्थ्याला प्रयत्नच टाळायला लावते, आणि प्रयत्न टळला की ते वाक्य खरे ठरवणारा पुरावा आपोआप तयार होतो. कौतुकाचे मात्र तसे नाही. पोकळ कौतुक विद्यार्थ्याला चटकन ओळखू येते, आणि सोप्या कामाबद्दल वारेमाप शाबासकी मिळाली तर ‘यांची माझ्याकडून अपेक्षाच कमी आहे’ असा उलटा अर्थ तो काढतो.

मग टीका कशी करावी? १९९९ मध्ये कोहेन, स्टील आणि रॉस यांनी विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांच्या निबंधांवर तीन प्रकारे अभिप्राय दिले : नुसती टीका, टीकेसोबत सर्वसाधारण कौतुक, आणि टीकेसोबत दोन गोष्टी. एक, इथले मानक उंच आहे. दोन, तुमचे लेखन पाहता तुम्ही ते गाठू शकाल. आपल्या वंशामुळे आपल्याला कमी लेखले जाईल अशी धास्ती असलेल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांवर तिसऱ्या प्रकाराचा परिणाम सर्वांत चांगला झाला. टीका त्यांनी पूर्वग्रह म्हणून झिडकारली नाही आणि निबंध सुधारण्याची त्यांची उमेद वाढली. जर्नलवर लाल शाईत नुसते ‘रिपीट’ लिहिण्यात आणि ‘निरीक्षणे नीट आहेत, आलेखाची मापश्रेणी चुकली, तेवढी दुरुस्त केली की हे काम पक्के होईल’ असे लिहिण्यात हाच फरक आहे.

४.४ शरीराची भाषा

घशाला पडलेली कोरड, घामेजलेले हात, न लागलेली झोप. ही लक्षणेही विद्यार्थी वाचतो आणि ‘मला काही येत नाही म्हणूनच असे होते आहे’ असा अर्थ लावतो. जेमिसन आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये प्रवेश परीक्षेची तयारी करणाऱ्यांपैकी काहींना एवढेच सांगितले की अशी उत्तेजना कामगिरीला मदतही करू शकते. त्यांचे गणितातले गुण इतरांपेक्षा चांगले आले. मेसचे अपुरे जेवण, कॉट बेसिसवरची गर्दीची खोली, पहाटेची एस.टी. यांतून येणारा थकवाही याच रकान्यात पडतो. उपाशी आणि जागरण झालेला विद्यार्थी थकव्यालाच आपली कुवत समजतो.

५. पुराव्याचा अर्थ

एकच गुणपत्रिका दोन विद्यार्थ्यांना दोन गोष्टी सांगते. बर्नार्ड वायनरच्या मांडणीनुसार फरक पडतो तो अपयशाचे कारण कशात शोधले यावरून. कारण कायमचे आणि आपल्या हाताबाहेरचे मानले (‘डोकेच नाही’), तर प्रयत्न थांबतात. ते बदलते आणि आपल्या हातातले मानले (‘रीत चुकली, सराव कमी पडला’), तर चालू राहतात.

विल्सन आणि लिनव्हिल यांनी १९८२ मध्ये ड्यूक विद्यापीठात गुणांच्या चिंतेत असलेल्या ४० प्रथम वर्षीय विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. निम्म्यांना सांगितले गेले की पहिल्या वर्षी पुष्कळांचे गुण कमी येतात आणि नंतर सुधारतात. वरच्या वर्गातल्या विद्यार्थ्यांच्या तशा अनुभवाच्या चित्रफिती त्यांना दाखवल्या. पुढे दुसऱ्या वर्षाच्या अखेरीपर्यंत त्यांच्यातल्या ५ टक्क्यांनी विद्यापीठ सोडले, तर इतरांतल्या २५ टक्क्यांनी. नमुना लहान आहे, त्यामुळे आकडे जसेच्या तसे धरू नयेत. पण दिशा स्पष्ट आहे : प्रथम वर्षाची घसरण ही सर्वांची असते, एवढी माहितीसुद्धा विद्यार्थ्याला टिकवून धरू शकते.

ही घसरण खरी असते आणि तिला कारण आहे. हर्बर्ट मार्श याने १९८० च्या दशकात दाखवून दिले की सारख्याच कुवतीचा विद्यार्थी हुशार विद्यार्थ्यांच्या गराड्यात स्वतःला कमी लेखतो आणि साध्या वर्गात जास्त. तालुक्याच्या कॉलेजात पहिला आलेला मुलगा पुण्याच्या सीओईपीमध्ये किंवा मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये येतो तेव्हा त्याची कुवत रातोरात कमी झालेली नसते. बदलते ती त्याची मोजपट्टी. तिथे प्रत्येक जण कुठल्या ना कुठल्या शाळेचा पहिलाच असतो. हे त्याला पहिल्या आठवड्यात कोणी सांगितले नाही, तर तो स्वतःच उत्तर शोधतो, आणि ते उत्तर बहुधा चुकीचे असते.

६. भाषेने झाकलेली क्षमता

महाराष्ट्रात पुराव्याची सर्वांत मोठी मोडतोड माध्यमाच्या उंबरठ्यावर होते. दहावीपर्यंत मराठीत शिकलेल्या मुलाला विज्ञान शाखेत अकरावीपासून बहुतेक ठिकाणी इंग्रजीत शिकावे लागते. पुढे अभियांत्रिकीत व्याख्यान, पुस्तक, पेपर, व्हायव्हा सगळे इंग्रजीत.

व्हायव्हाचा एक नेहमीचा प्रसंग घ्या. परीक्षक ट्रान्सफॉर्मरकडे बोट दाखवून विचारतात, ‘व्हाय इज द कोअर लॅमिनेटेड?’ मुलाने सर्व जोडण्या स्वतः केलेल्या असतात. उत्तर त्याला माहीत असते. तो सुरू करतो, ‘सर, टू रिड्यूस...’ आणि पुढचे वाक्य जुळेना म्हणून थांबतो. परीक्षक पुढच्या प्रश्नाकडे वळतात. परीक्षकांनी ‘मराठीत सांग’ म्हटले असते, तर तो म्हणाला असता : ‘गाभा अखंड असला तर बदलत्या चुंबकीय प्रवाहामुळे त्यात एडी करंट फिरतात आणि तो तापतो. पातळ, एकमेकांपासून इन्सुलेट केलेले पत्रे रचले की त्या करंटची वाट तुटते, म्हणून नुकसान कमी.’ पूर्ण गुणांचे उत्तर. प्रत्यक्षात त्याला मिळतात निम्म्याहून कमी. तो खोलीबाहेर पडतो तो ‘मला इलेक्ट्रिकल जमत नाही’ हा निष्कर्ष घेऊन. कमी पडली होती इंग्रजीत वाक्य जुळवण्याची सवय. पुराव्याने मात्र साक्ष दिली ती विषयाच्या समजेविरुद्ध.

अशी चुकीची साक्ष चार वर्षे, आठ सेमिस्टर, डझनावारी व्हायव्हांमध्ये दिली जाते. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२१ मध्ये मराठीसह आठ भारतीय भाषांत अभियांत्रिकी शिकवण्याची मुभा दिली, पण तिचा लाभ मोजक्याच संस्थांनी घेतला. संपूर्ण माध्यम बदलण्याचा वाद बाजूला ठेवला, तरी तोंडी परीक्षेत समज आणि भाषा वेगवेगळी तपासणे आजच शक्य आहे. त्यासाठी कोणत्याही परिषदेच्या परवानगीची वाट पाहायला नको.

७. ओळखीचे ओझे

कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांतील सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरची भुलभुलैयाची कोडी सोडवायला दिली. जात जाहीर केली नव्हती तेव्हा उच्च मानल्या जाणाऱ्या आणि दलित जातींतील मुलांच्या कामगिरीत फरक दिसला नाही. सर्वांसमोर नाव, गाव, जात उच्चारल्यावर दलित मुलांची कामगिरी घसरली. कोडी तीच, मुले तशीच. बदलला होता तो फक्त खोलीतला संकेत.

हा प्रयोग शाळकरी मुलांवरचा आहे. पण प्रवेश कोणत्या यादीतून झाला हे हसत हसत विचारणारा वर्ग, शिष्यवृत्तीच्या अर्जदारांची नावे भर वर्गात पुकारणारा लिपिक, ‘कोट्यातली पोरे’ हा शब्द बिनदिक्कत वापरणारा प्राध्यापक, हे सगळे तोच संकेत रोज देत असतात. याची जाण आपल्याकडे जुनी आहे. भाऊरावांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सुरू केलेल्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये औरंगाबादेत (आजचे छत्रपती संभाजीनगर) मिलिंद महाविद्यालय उभे केले, तेव्हा मराठवाड्यातल्या दलित विद्यार्थ्याला पहिल्यांदाच असा वर्ग मिळाला जिथे तो एकटा किंवा अपवाद नव्हता. चारही स्रोत एका आवारात आणण्याची ती रचना होती.

८. अतिविश्वास आणि अचूकता

विश्वास जितका जास्त तितका चांगला, असेही नाही. क्रूगर आणि डनिंग यांनी १९९९ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना तर्क, व्याकरण अशा चाचण्या देऊन आपला क्रम ओळखायला सांगितले. सर्वांत खालच्या चौथाई गटातले विद्यार्थी प्रत्यक्षात सरासरी १२ व्या शतमकावर होते. स्वतःला ते ६२ व्या शतमकावर समजत होते. या तफावतीचा काही भाग निव्वळ संख्याशास्त्रीय आहे, असा आक्षेप नंतर घेतला गेला आणि तो रास्त आहे. पण त्याच संशोधनातला एक भाग कमी सांगितला जातो. तर्काचे थोडे प्रशिक्षण दिल्यावर याच विद्यार्थ्यांना आपल्या चुका दिसू लागल्या आणि त्यांचा अंदाज खाली येऊन वास्तवाजवळ गेला.

म्हणजे विषय शिकवणे आणि स्वतःचा अचूक अंदाज घ्यायला शिकवणे ही एकच प्रक्रिया आहे. संशोधक सांगतात तो इष्ट बिंदू प्रत्यक्ष क्षमतेच्या थोडा वर असतो : नवे, किंचित अवघड काम अंगावर घ्यायला पुरेल इतका, पण तयारीची गरजच वाटू नये इतका नाही.

९. करण्याजोग्या गोष्टी

वरील विवेचनातून निघणारे उपाय खर्चिक नाहीत.

एक : प्रथम वर्षाच्या पहिल्या सहा आठवड्यांत प्रत्येक विषयात लहान, खऱ्या अर्थाने विचार करायला लावणारी कामे द्यावीत आणि आठवड्याच्या आत तपासून परत करावीत.

दोन : अंतर्गत चाचणीची उत्तरपत्रिका प्रत्येकाच्या हाती द्यावी. विद्यापीठाच्या उत्तरपत्रिकेची प्रत विनाशुल्क पाहता यावी.

तीन : अभिप्रायात तीन गोष्टी असाव्यात : काय बरोबर, काय चुकले, पुढे नेमके काय करायचे.

चार : प्रवेशानंतरच्या परिचय कार्यक्रमात टॉपरसोबत केटी काढून सावरलेल्या सीनियरनाही बोलवावे, आणि त्यांनी काय बदलले हे तपशिलात सांगायला लावावे.

पाच : व्हायव्हात विद्यार्थी अडला तर मराठीत उत्तर देण्याची मुभा स्पष्ट शब्दांत, आधी जाहीर करून द्यावी. संज्ञा इंग्रजीत याव्यात, स्पष्टीकरण कुठल्याही भाषेत चालावे. इंग्रजी मांडणीचा सराव वेगळ्या तासाला, वेगळ्या गुणांवर घ्यावा.

सहा : चाचणीला बसण्याआधी विद्यार्थ्याने अपेक्षित गुण लिहावेत आणि निकालानंतर फरकाचे कारण शोधावे. अतिविश्वास आणि न्यूनगंड, दोन्हींवर हा एकच सराव चालतो.

सात : जात, प्रवेशाचा प्रवर्ग, फीमाफी यांची चौकशी आणि नोंद कार्यालयात, खासगीत व्हावी. वर्गात कधीही नाही.

१०. समारोप

या साऱ्याला मर्यादा आहेत. प्राध्यापकांची पदे रिकामी असतील, तासिका तत्त्वावरचा शिक्षक चार कॉलेजांत धावत असेल, तर आठवड्यात वह्या तपासून देणार कोण? पदवीनंतर काम नसेल, तर क्षमतेवरचा विश्वास शाबूत राहूनही मन खचेल. आत्मविश्वासाची चर्चा या प्रश्नांना पर्याय म्हणून होऊ नये. तशी झाली की व्यवस्थेचा दोष विद्यार्थ्याच्या स्वभावावर लादला जातो.

पण जे कॉलेजच्या हातात आहे ते थोडे नाही. विद्यार्थ्याला त्याच्या कामाविषयी वेळेवर, स्पष्ट आणि खरी माहिती देणे हे शिक्षणसंस्थेचे मूळ कर्तव्य आहे. त्याला न्यायाने तपासले जाते आहे, चुकीचे ठिकाण त्याला दिसते आहे, त्याच्यासारखे कोणी ती चूक ओलांडून गेले आहे, आणि हे मानक त्याच्या आवाक्यातले आहे असे त्याच्या शिक्षकाला मनापासून वाटते आहे, एवढे घडले तर विश्वास वेगळा शिकवावा लागत नाही. म्हणून स्टाफरूममध्ये पुन्हा कोणी ‘पोरांत कॉन्फिडन्सच नाही’ म्हणाले, की त्याला विचारायला हवे : या सेमिस्टरमध्ये आपण त्यांना स्वतःवर विश्वास ठेवायला कोणता पुरावा दिला?